परलोकाची वाट आणि इहलोकीचे कर्ज

मनुष्य मेल्यानंतर त्याचे पुढे काय होते, हे सांगण्यासाठी आजवर कोणी परत आलेला नाही. तथापि या न मिळालेल्या उत्तरापायी मागे राहिलेल्यांवर किती भार पडतो, हे मात्र डोळ्यांस दिसते. पारगाव नावाची गावे जुन्नर व आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत आहेत, आणि घोड, मीना, कुकडी या नद्यांच्या काठची रीत सर्वत्र सारखीच आहे. दहाव्या दिवशी नदीकाठी दशक्रिया होते. पिंडास कावळा शिवेपर्यंत भाऊबंद ताटकळतात. प्रवचन होते, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीपर भाषणे होतात, आणि तेराव्यास पंगती उठतात. ज्याच्या घरी उसाचा किंवा बाजारपेठेचा पैसा खेळतो, त्यास हा खर्च जाणवत नाही. परंतु ज्याने आधीच औषधपाण्यासाठी पतपेढीचे उंबरे झिजवले आहेत, तोही शेजाऱ्याहून कमी पडू नये म्हणून पुन्हा कर्ज काढतो. बाप गेल्याचे दुःख वर्षभरात निवते, पण तेराव्याचे कर्ज त्याहून अधिक काळ टिकते.

हे सर्व मृताच्या सद्गतीसाठी चालते, असे सांगण्यात येते. यास्तव परलोक आणि इहलोक यांचा संबंध इतर धर्मांनी कसा लावला आहे, हे पाहणे अप्रस्तुत होणार नाही. त्यासाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. आपलीच मराठी बोलणारा, आपल्यासारखीच गावावरून आडनावे घेणारा आणि तरीही यहुदी धर्म पाळणारा एक समाज सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात शतकानुशतके नांदत आला आहे. केहिमकर, दिवेकर, राजपूरकर ही नावे ऐकून तो परका आहे अशी शंकाही कोणास येणार नाही. या समाजास बेने इस्राएल म्हणतात. घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून कोकणात त्यांस शनवार तेली असे नाव पडले.

त्यांची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे तारू अलिबागेजवळ नवगाव येथे फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि लाटांनी काठावर आणून टाकलेली प्रेते त्यांनी तेथेच पुरली. या समाजाचे इतिहासकार हायम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेला ग्रंथ १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. त्यात हे आगमन इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले मानले आहे. विद्वानांस हा काळ मान्य असो वा नसो, परंपरेतील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या समाजाने मराठी भूमीवर आपली पहिली खूण म्हणून जे दाखविले, ते घर नव्हे, मंदिर नव्हे. ती कबर होय. ग्रंथ बुडाले आणि भाषा विसरली गेली, तरी शमा ही एकेश्वराची साक्ष देणारी प्रार्थना तेवढी त्यांच्या मुखी राहिली. यहुदी मनुष्य मरणाच्या घटकेस जी प्रार्थना उच्चारतो, ती हीच. मुंबईत मांडवी भागात सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. पुण्यात रास्ता पेठेत याच समाजाचे प्रार्थनामंदिर आहे. छावणीतील लाल देवळाचे काम मात्र बगदादहून आलेल्या यहुद्यांपैकी डेव्हिड ससून यांच्या औदार्याचे असून, ते १८६७ साली पुरे झाले आणि ससून यांची समाधी त्याच आवारात आहे.

आता या धर्माचे परलोकाविषयी म्हणणे काय, ते पाहू. प्रथम आश्चर्य वाटेल ते हे की, मोशेच्या नावे प्रसिद्ध असलेल्या पाच ग्रंथांत, म्हणजे तोरामध्ये, स्वर्गाचे आमिष जवळजवळ नाही आणि नरकाची धमकीही नाही. आज्ञा पाळाल तर वेळेवर पाऊस पडेल, धान्य पिकेल, आयुष्य वाढेल. न पाळाल तर दुष्काळ पडेल आणि देशोधडीस लागाल, असा तेथील व्यवहार आहे. मेलेले सर्व, बरे असोत वा वाईट, शिओल नावाच्या एका अंधाऱ्या अधोलोकात जातात, एवढेच जुन्या वचनांवरून समजते. उपदेशक नावाच्या ग्रंथाचा कर्ता तर मेलेल्यास कसलीच जाणीव नसते, असे स्पष्ट म्हणतो. आपल्याकडे चार्वाकाने जे बोलून शिव्या खाल्ल्या, त्याच्या जवळपासचे बोलणे तेथे पवित्र ग्रंथांत जागा मिळवून बसले आहे!

मग परलोकाची कल्पना तेथे आली कोठून? आमच्या मते ती न्यायाच्या मागणीतून आली. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात अँटिओकस एपिफेनीस या ग्रीक वंशाच्या राजाने यहुदी धर्माचरणास बंदी केली, आणि ज्यांनी धर्म सोडला नाही त्यांस ठार मारले. धर्म पाळणारा मेला आणि सोडणारा जगला! आज्ञा पाळल्याने आयुष्य वाढते, हा हिशेब तेथे जुळेना. ज्या न्यायासनासमोर दाद मागावयाची तेच अन्यायी निघाले, तर फिर्यादीस वरिष्ठ न्यायालयाकडे जावे लागते. दानीएलच्या ग्रंथात, विद्वानांच्या मते याच छळाच्या काळात लिहिलेल्या भागात, मातीत निजलेल्यांपैकी पुष्कळजण पुन्हा जागे होतील आणि आपल्या कृत्यांप्रमाणे फळ पावतील, ही आशा प्रथमच स्पष्ट शब्दांत आली. पुनरुत्थानाचा सिद्धान्त हा अशा रीतीने पीडितांचे अपील होय. पंगतीच्या खर्चाशी त्याचा काही एक संबंध नव्हता.

हा सिद्धान्त सर्वांनी निमूटपणे मान्य केला असेही नाही. देवळाची पुरोहितशाही ज्यांच्या हाती होती ते सदूकी लोक पुनरुत्थान मानीत नसत. सामान्य जनांत वावरणारे परूशी ते मानीत. इसवी सन ७० मध्ये रोमन लोकांनी यरुशलेमचे देऊळ जाळल्यावर सदूकी नाहीसे झाले आणि परूश्यांचे मत उरले. पुढे मिश्ना या संहितेत, सर्व इस्राएलास भावी जगात वाटा आहे, असे ठरले. त्याच परंपरेत हे जग ओसरीसारखे आणि भावी जग आतल्या दालनासारखे, अशी उपमा देणाऱ्या याकोब नामक आचार्याने लागलीच असेही सांगितले की, येथील सत्कर्माची एक घटका तेथील सगळ्या आयुष्याहून मोलाची आहे. त्याहून जुना अँटिगोनस नावाचा एक आचार्य शिकवीत असे की, मजुरीवर डोळा ठेवून धन्याची चाकरी करू नये. निष्काम कर्माची शिकवण आपणांस नवी नाही. परंतु ती आपल्याखेरीज कोणास सुचलीच नाही, असे समजणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

नरकाविषयी त्यांचे म्हणणे तर कायद्याच्या विद्यार्थ्यास विशेष रुचेल असे आहे. गेहिन्नोम म्हणून जे शिक्षेचे स्थान आहे, तेथे बहुतेक पाप्यांस अधिकात अधिक बारा महिने काढावे लागतात. मृत आईबापांसाठी मुलगा कद्दीश नावाची प्रार्थना म्हणतो. आता हिशेबाने ती बारा महिने म्हणावयास हवी. पण रूढी अशी पडली की, ती अकरा महिनेच म्हणावी. का? तर पूर्ण बारा महिने म्हणणे म्हणजे आपला बाप पुऱ्या शिक्षेस पात्र होता, असे मुलानेच जगजाहीर करणे होय! दोष शाबीत होईपर्यंत मनुष्य निर्दोष, हे तत्त्व येथे परलोकाच्या कचेरीतही लागू केलेले दिसते. आणखी नवलाची गोष्ट ही की, या कद्दीशात मरणाचा किंवा मृताचा उल्लेखदेखील नाही. तीत ईश्वराची थोरवी आणि शांतीची याचना एवढेच आहे. ज्यास दुःखाने ईश्वराविरुद्ध बोलावेसे वाटेल, त्यानेच दहा जणांत उभे राहून त्याची थोरवी गावयाची. मृतासाठी जिवंताने करावयाचे ते एवढेच: स्वतः नीट उभे राहणे.

पुनर्जन्माविषयी वाचक विचारतील. त्या धर्मात याविषयी एकमत नाही, आणि मतभेद लपविलेलाही नाही. दहाव्या शतकात सादिया गाओन याने पुनर्जन्माची कल्पना खोडून काढली. बाराव्या-तेराव्या शतकांपासून कबाला या गूढ पंथाने तीच कल्पना गिलगुल या नावाने स्वीकारली, आणि सोळाव्या शतकात सफेद नगरीत इसहाक लुरिया याच्या शिष्यांनी तिचे मोठे शास्त्र रचले. मायमोनिडीस याने आपल्या तेरा मूलतत्त्वांत पुनरुत्थान शेवटचे म्हणून घातले, तरी भावी जग हे देहाचे नसून आत्म्याचे आहे, असे तो शिकवी. आपणांवर शंका घेतली गेली तेव्हा त्यास ११९१ साली त्या विषयावर स्वतंत्र निबंध लिहावा लागला. १८८५ साली अमेरिकेतील सुधारक रब्बींनी पिट्सबर्ग येथे जमून देहाचे पुनरुत्थान आणि शाश्वत नरक या दोन्ही कल्पना सोडून दिल्या, आत्म्याचे अमरत्व तेवढे ठेवले. इतके वाद होऊनही त्या धर्माचा मुख्य भर मृत्यूनंतर काय होते यापेक्षा मरेपर्यंत काय करावे यावर आहे. आणि भावी जगात वाटा मिळण्यास यहुदी असलेच पाहिजे, असेही त्यांचे म्हणणे नाही. सर्व राष्ट्रांतील सदाचारी मनुष्यांस तो वाटा आहे, असे यहोशुआ या आचार्याने म्हटले आणि मायमोनिडीसने ते धर्मशास्त्रात नमूद केले.

कोकणात या मतांस मराठी वळण लागले, हेही सांगितले पाहिजे. जो मेलाच नाही, अग्निरथातून स्वर्गी गेला, तो एलियाहू हन्नाबी हा संदेष्टा बेने इस्राएलांस सर्वांत जवळचा. अलिबागेजवळ खंडाळे येथे तो प्रकट झाला आणि त्याच्या रथाची खूण खडकावर उमटली, अशी त्यांची श्रद्धा आहे. नवस फेडताना त्याच्या नावाने पोहे, खोबरे, गूळ किंवा साखर आणि फळे यांचा मलिदा करतात. गेल्या शतकाच्या आधीपासून त्यांच्यात मराठी कीर्तनेही झाली. त्यांच्या दफनभूमीतील शिलांवर हिब्रूच्या शेजारी देवनागरी अक्षरे दिसतात. दफनभूमीस हिब्रूत एक नाव आहे, त्याचा अर्थ जिवंतांचे घर असा होतो.

परंतु आमच्या वाचकांपुढे मुख्यत्वेकरून ठेवावयाची ती गोष्ट निराळीच आहे. तालमुदात सांगितले आहे की, एके काळी यहुद्यांत प्रेताचा खर्च एवढा वाढला की, नातलगांस मरणापेक्षा तो खर्च जड वाटू लागला, आणि कित्येकजण प्रेत तसेच टाकून पळून जाऊ लागले. तेव्हा रब्बान गमलिएल या धर्माध्यक्षाने, जो श्रीमंत व मानाचा होता, आपणांस साध्या तागाच्या वस्त्रात न्यावे अशी व्यवस्था केली. त्यास तसे नेल्यावर सर्वांस ते सोपे झाले. चौथ्या शतकातील पाप्पा नावाच्या आचार्याच्या वेळी तर एका नाण्याच्या जाड्याभरड्या कापडातही लोक प्रेत नेऊ लागले होते. आजही साधे पांढरे कापडच वापरतात, आणि त्यास खिसा नसतो. व्यापारी वाचकांस याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

त्याच प्रकरणात आणखी नियम आहेत. पूर्वी दुखवट्याच्या घरी श्रीमंतास सोन्याचांदीच्या पाट्यांतून अन्न नेत आणि गरिबास वेताच्या सालकाढ्या टोपलीतून. गरीब लाजत, म्हणून सर्वांस टोपलीतूनच न्यावे असे ठरले. पूर्वी श्रीमंताच्या प्रेताचे तोंड उघडे ठेवीत आणि गरिबाचे झाकीत, कारण दुष्काळात ते काळवंडलेले असे. म्हणून सर्वांचेच झाकावे असे ठरले. पूर्वी श्रीमंतास मंचकावर नेत आणि गरिबास साध्या तिरडीवर. म्हणून सर्वांस साध्या तिरडीवर न्यावे असे ठरले. गरिबास वर चढविण्याचा प्रयत्न करून त्यास कर्जात लोटले नाही; श्रीमंतास एक पायरी खाली उतरविले. सुधारणेची खरी रीत हीच.

आणि अन्न कोणी कोणास द्यावयाचे, हेही पाहा. दफनानंतरचे पहिले जेवण दुखवट्यातील मनुष्याने स्वतःच्या घरचे घ्यावयाचे नाही. ते शेजाऱ्यांनी आणावयाचे. सात दिवस तो घरात खाली बसून राहतो आणि लोक त्याच्याकडे येतात. आपल्याकडेही ही रीत नाही असे नव्हे. ज्या घरी मरण झाले तेथे चूल पेटत नाही, शेजारी पिठले-भाकरी आणतात आणि सुतक्यास कडू घास भरवितात. किती सुंदर चाल! पण दहा दिवस उलटले की हेच चक्र उलटे फिरते. ज्यास शेजाऱ्यांनी भरविले, त्यानेच आता साऱ्या पंचक्रोशीस भरवावे, अशी अपेक्षा होते. पहिल्या दिवसाची माणुसकी तेराव्या दिवशी कोठे जाते?

यहुद्यांचे सर्वच सोज्ज्वळ होते, असे मात्र आम्ही म्हणत नाही. बेने इस्राएलांत गोरे आणि काळे असा भेद होता. दोहोंत बेटीव्यवहार नसे. आणि १८३६ च्या सुमारास मुंबईतील बगदादी यहुद्यांनी सामाईक दफनभूमीत आपल्या व बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घालू द्यावी, असा अर्ज सरकारकडे केला होता. ज्यांचा धर्म सर्वांस एकाच कापडात न्यावयास सांगतो, त्यांनीही या भूमीवर कबरींत भिंत मागितली! जातिभेदाची हवा केवढी संसर्गजन्य आहे, याचा याहून मोठा पुरावा नको. ज्या गावी आजही एका स्मशानात अमक्याचे प्रेत येऊ नये म्हणून तंटे होतात, त्यांनी या भिंतीस हसू नये.

आता आमच्या घरच्या शास्त्रींस विचारावयाचे ते असे. श्राद्धाच्या पंगती वाढविणे हे शास्त्र आहे काय? मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात देवकार्यास दोन, पितृकार्यास तीन, किंवा दोहोंस एकेकच ब्राह्मण जेवू घालावा आणि मनुष्य संपन्न असला तरी विस्तार करू नये, असे सांगितले आहे. विस्ताराने सत्कार, शुचिता इत्यादींचा नाशच होतो, असे कारणही दिले आहे. म्हणजे शास्त्र आमच्या बाजूस आहे आणि रूढी शास्त्राच्या विरुद्ध. ज्यांस शास्त्र नको असेल त्यांनी संतांचे ऐकावे. गाडगेबाबा १९५६ साली निवर्तले, तोपर्यंत हातात खराटा घेऊन गावोगाव हेच सांगत फिरले की, कर्ज काढून सण आणि दिवस करू नका. ज्यांस संत नकोत त्यांनी आपल्याच भागाची आठवण धरावी. जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचे कार्य जुन्नर भागात रुजले होते; साधेपणाने संस्कार करणे येथील लोकांस नवे नाही.

कायद्याचा विचार करू जाता, राजस्थानात १९६० साली मृत्युभोजास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. आमच्या राज्यात तसा कायदा व्हावा असा आमचा आग्रह नाही. दुःखाच्या घरी पोलीस पाठविणे हे सुधारणेचे लक्षण नव्हे. तथापि जेवण घातले नाही म्हणून कोणी एखाद्या कुटुंबास वाळीत टाकील, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम, जो २०१६ साली मंजूर होऊन पुढील वर्षी अमलात आला, त्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात, हे गावच्या पंचांनी विसरू नये.

खरे काम कायद्याचे नसून गमलिएलाचे आहे. गरिबाने साधेपणा केला तर त्यास ऐपत नाही म्हणतात. श्रीमंताने केला तर तीच रीत होते. म्हणून आमची विनंती पारगावच्या, मंचरच्या आणि नारायणगावच्या त्या गृहस्थांस आहे, ज्यांच्या घरचे तेरावे लोक वर्षभर तोंडात घोळवितात. आपल्या वडिलांचे पिंडदान, तर्पण, प्रार्थना, ज्याची जी श्रद्धा असेल ती खुशाल करावी. त्यात आम्ही शब्दही घालीत नाही. पंगत मात्र घरच्या माणसांची ठेवावी, आणि हे आपल्या मृत्युपत्रात हयातीतच लिहून ठेवावे, म्हणजे मागे मुलांस लोकलज्जेशी झगडावे लागणार नाही. वाचलेल्या पैशातून गावच्या स्मशानास निवारा, लाकूड आणि पाणी, आणि तेही सर्व जातींस एकच, एवढे झाले तरी पुरे.

१९४८ नंतर बेने इस्राएलांपैकी बहुतेक इस्राएल देशी गेले. एके काळी वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज आज भारतात काही हजारांवर आला आहे. २०१६ साली महाराष्ट्राने यहुद्यांस अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. जे गेले त्यांचे वाडवडील कोकणच्या मातीत निजले आहेत, आणि त्यांच्या शिलांवरील मराठी अक्षरे वाचावयास आता शेजारीच उरले आहेत. मृतांची सेवा त्यांस परतफेड करता येत नाही, म्हणूनच ती सर्वांत निःस्वार्थी, असे यहुदी परंपरा मानते. ज्यांचे कोणी मागे नाही त्यांच्या कबरीवरचे गवत काढणे आणि ज्यांचे मागे कर्जाखेरीज काही नाही त्यांच्या घरची पंगत नाकारणे, ही दोन्ही त्याच सेवेची रूपे होत. भावी जग आहे की नाही, हे ज्याचे त्यास यथाकाल कळेल. तेराव्याचे आमंत्रण मात्र उद्याच येणार आहे. तेव्हा काय करावयाचे, ते आजच ठरवून ठेवणे बरे.